पी ड्राइव्ह कुणाचा?

आमच्या भोसरीच्या कारखान्यात नवा माणूस रुजू झाला की त्याला ओळखपत्र मिळतं, सेफ्टी शूज मिळतात आणि ड्राइव्हचं एक अक्षर मिळतं. डिझाइनला पी, परचेसला आर, क्वालिटीला क्यू, अकाउंट्सला टी. त्या अक्षरामागे कुठला सर्व्हर आहे, तो कुठल्या खोलीत आहे, हे कुणाला ठाऊक नसतं. "पीवर टाकलंय, बघून घ्या" एवढ्यावर काम चालतं. आम्ही गाड्यांचे पत्र्याचे भाग आणि ते भाग ज्यांतून निघतात ती प्रेस टूल्स बनवतो. म्हणजे कंपनीची सगळी अक्कल ड्रॉइंगमध्ये, आणि ड्रॉइंग पीवर.

मी आयटीत आले तेव्हा अशा अक्षरांमागे वेगवेगळे फाइल सर्व्हर होते. एकही ठरवून, आखून घेतलेला नव्हता. डिझाइनची जागा संपली, त्यांनी आपल्या बजेटमधून सर्व्हर घेतला. मग क्वालिटीला वाटलं आपलाही हवा. वाटण्या झाल्यावर भावांनी एकाच वाड्यात वेगळ्या चुली मांडाव्यात तसा तो प्रकार होता. प्रत्येकाची डिस्क वेगळी, बॅकअपची तऱ्हा वेगळी, विंडोजही वेगळं. एकावर सर्व्हर 2003, दुसऱ्यावर 2008 आर2. खंडेनवमीला मात्र सगळ्यांना सारखाच झेंडूचा हार, आणि त्याच्या पाकळ्या पुढे आठवडाभर पंख्यांच्या जाळीतून काढायच्या.

या पद्धतीची पहिली अडचण साधी होती. पी कायम भरलेला असायचा आणि टी निम्म्याहून अधिक रिकामा. ती रिकामी जागा अकाउंट्सच्या पेटीतल्या डिस्कवर होती, त्यामुळे डिझाइनच्या काही कामाची नव्हती. मी एकदा सुचवलं, की जुन्या, बंद झालेल्या मॉडेलची ड्रॉइंग टीवर हलवू. डिझाइनचे प्रमुख म्हणाले, "मॅडम, आमची ड्रॉइंग अकाउंट्सच्या सर्व्हरवर? उद्या ते टूलची कॉस्ट आम्हाला शिकवतील." अकाउंट्सचे साहेब तर चेष्टेवारीही नेईनात, "आमच्या सर्व्हरला हात लावू नका" एवढंच. मला तेव्हा तो हट्ट वाटला होता. पुढे कळलं की सगळ्या प्रकरणाची मेख तिथेच होती.

दुसरी अडचण डिस्कची. हे सर्व्हर रेड-5 वर चालायचे. बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 1988 मध्ये रेडची कल्पना मांडली ती फार सुंदर आहे. अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधा, थोडी जागा हिशेबासाठी ठेवा, एक डिस्क गेली तरी बाकीच्यांवरून तिच्यातला मजकूर पुन्हा उभा करता येतो. रेड-5 एका डिस्कचा मृत्यू सहन करतं, दोघींचा नाही. छोट्या डिस्कच्या काळात हे पुरेसं होतं. पुढे डिस्क टेराबाइटच्या झाल्या आणि एक गेली की दुसरी उभी करायला म्हणजे रीबिल्डला तास नव्हे, दिवस लागू लागले. त्या काळात उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. साध्या साटा डिस्कच्या माहितीपत्रकात न वाचता येणाऱ्या चुकीचं प्रमाण बहुधा 1 वर 14 शून्यं इतक्या बिटांमागे एक असं दिलेलं असतं. म्हणजे सुमारे साडेबारा टेराबाइट वाचल्यावर एखादी. हा आकडा सावधगिरीचा असतो, प्रत्यक्षात डिस्क बऱ्या वागतात. पण रीबिल्ड चालू असताना रात्री झोप लागू नये यासाठी तो पुरेसा आहे. आमच्या भागात गुरुवारी औद्योगिक सुट्टी. डिस्क गेली की मी तो गुरुवार गाठायचे, आणि लाल दिवा हिरवा होईपर्यंत सर्व्हर रूममध्ये स्वेटर घालून बसायचे.

तरीही नवं स्टोरेज घ्यायला व्यवस्थापनाला डिस्कनं तयार केलं नाही. ते 2017 च्या उन्हाळ्यानं केलं. 12 मे रोजी वॉनाक्राय हे खंडणी मागणारं सॉफ्टवेअर पसरलं. विंडोजमधल्या एसएमबी-1 या फाइल देवाणघेवाणीच्या जुन्या भाषेतल्या पळवाटेतून ते आपोआप एका संगणकावरून दुसऱ्यावर जात होतं. मायक्रोसॉफ्टनं त्यावरचा पॅच मार्चमध्येच काढला होता, पण सर्व्हर 2003 चा आधार जुलै 2015 मध्ये संपलेला. त्याच्यासाठी हल्ला झाल्यावर अपवाद म्हणून पॅच आला. आमच्याकडे काही झालं नाही. पुढच्याच महिन्यात, 27 जूनला नॉटपेट्या आलं. मेअर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक बंद पडले आणि न्हावाशेव्याला जेएनपीटीतलं त्यांच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. वॉनाक्रायनं अडवलेल्या ब्रिटनमधल्या इस्पितळांची बातमी आमच्या संचालकांनी वाचून बाजूला ठेवली होती. जेएनपीटी मात्र आपलं. तिथून आपले कंटेनर जातात. दुसऱ्या दिवशी मला वर बोलावून विचारलं, "आपल्याकडे हे एसएमबी-1 आहे का?" होतं. सगळीकडेच होतं.

त्या जुन्या सर्व्हरांच्या जागी मी युनिफाइड स्टोरेज सुचवलं. ते म्हणजे काय हे तेव्हा संचालकांना जसं सांगितलं तसंच इथं सांगते. साठवण मागण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक फाइलची: "मला अमुक फोल्डरमधलं तमुक ड्रॉइंग दे." विंडोजची माणसं हे एसएमबीत मागतात, लिनक्सची एनएफएसमध्ये, एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्सनं 1984 साली आणलं. दुसरी तऱ्हा ब्लॉकची. तिथे डेटाबेस किंवा व्हर्च्युअल मशीनचा होस्ट नुसता कोऱ्या डिस्कचा तुकडा मागतो आणि त्यावर काय कसं लिहायचं ते स्वतः ठरवतो. वर्षानुवर्षं या दोन कामांना दोन वेगळ्या जातीची यंत्रं असायची. 1992 मध्ये निघालेली नेटअ‍ॅप फाइलच्या बाजूनं सुरू झाली आणि पुढे ब्लॉककडे आली. ईएमसीनं 2011 मध्ये आपली ब्लॉकची आणि फाइलची दोन घराणी एकत्र करून व्हीएनएक्स काढलं. एकाच पेटीत डिस्कचा एक मोठा साठा, त्यावर दोन कंट्रोलर, एक बसला तर दुसरा त्याचं काम उचलतो. आणि त्याच साठ्यातून डिझाइनला एसएमबी, सिम्युलेशनच्या लिनक्स मशीनना एनएफएस, ईआरपीच्या डेटाबेसला आयस्कझीवर ब्लॉक. टीची रिकामी जागा पीला देता येते, आणि टीच्या माणसांना त्याचा पत्ताही लागत नाही.

खरेदीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तीन कोटेशनं, त्यांचा तक्ता, परचेसची घासाघीस. एक मात्र लिहून ठेवावंसं वाटतं. विकायला येणारा प्रत्येक जण डीडुप्लिकेशनच्या आकड्यावर बोलत होता: सारखे ब्लॉक एकदाच ठेवतो, म्हणून पाच टेराबाइटची किंमत द्या आणि वीस वापरा. व्हर्च्युअल मशीनच्या बाबतीत हे बरंचसं खरं आहे, कारण दहा मशीनमध्ये तेच विंडोज दहा वेळा असतं. पण कॅडच्या फाइली, स्कॅन केलेले पीडीएफ, मशीनचे फोटो आधीच दाबून बसवलेले असतात. त्यांच्यातून फार काही निघत नाही. आम्ही आमचा खरा डेटा देऊन मोजून बघितलं आणि मग त्या आकड्यावर काही विसंबलो नाही. जागा गरजेइतकी विकत घेतली. परचेसच्या साहेबांना हे फारसं आवडलं नाही.

पेटी रॅकमध्ये चढायला एक दिवस पुरला. पुढचे कित्येक महिने परमिशनमध्ये गेले.

जुन्या सर्व्हरवर कोणाला काय बघता येतं याची यादी काढली तेव्हा निम्म्या ओळींत माणसाचं नावच नव्हतं. नुसता एस-1-5-21 नं सुरू होणारा लांबलचक आकडा. विंडोज माणसाला नावानं ओळखत नाही, या आकड्यानं ओळखतं. माणूस कंपनी सोडून गेला, त्याचं खातं काढलं, की फोल्डरवर त्याचा आकडा तेवढा राहतो. त्याहून वाईट म्हणजे स्थानिक गट. "डिझाइन सीनियर" हा गट कुणीतरी कधीतरी त्या सर्व्हरच्या आतच बनवला होता, कंपनीच्या डोमेनवर नाही. असा गट दुसऱ्या यंत्राला कळतच नाही. फाइल जशीच्या तशी नेली तरी तिची परवानगी वाटेतच गळून पडते. उलट कित्येक फोल्डरवर सरळ "एव्हरीवन, फुल कंट्रोल" होतं. कारण तिथे कधीतरी कुणाचं तरी काम अडलं होतं आणि रात्रपाळीच्या माणसानं सगळं उघडून दिलं होतं.

लिनक्सच्या बाजूला आणखी गंमत. तिथे परवानगीचे मूळ नऊच बिट: मालक, गट आणि बाकी सगळे, वाचा, लिहा, चालवा. विंडोजकडे त्याच जागी कितीही लांब यादी. एकच फोल्डर दोघांना दिला की कुणाचा कायदा चालणार ते आधी ठरवावं लागतं. आम्ही विंडोजचा ठेवला आणि सिम्युलेशनच्या मुलांची लिनक्समधली नावं विंडोजच्या नावांशी एकेक करून जुळवली. त्यातल्या एकानं विचारलं, "म्हणजे आता आमच्या फाइलवर डिझाइनचा हक्क?" पुन्हा तेच.

शेवटी मी एक एक्सेल शीट बनवली. पहिल्या रकान्यात फोल्डर, दुसऱ्यात मालक, तिसऱ्यात सही. प्रत्येक विभागप्रमुखाकडे घेऊन गेले. "हा फोल्डर कुणाचा?" या प्रश्नाला कारखान्यात दोनच उत्तरं मिळतात, हे मला त्या फेऱ्यांत कळलं. "आमचा, पण काढू नका," किंवा "आमचा नाही, पण काढू नका." टूलिंगचा एक फोल्डर डिझाइन, टूलरूम आणि क्वालिटी या तिघांनाही आपला वाटत होता. सही मात्र एकानंही केली नाही, कारण सही केली की त्यातल्या चुकीच्या रिव्हिजनचा जाबही आपल्यालाच विचारणार. प्लँटहेडसमोर बैठक झाली. ते सगळं ऐकून म्हणाले, "ड्रॉइंग बदलायचा अधिकार ज्याचा, फोल्डर त्याचा. बाकीचे वाचतील." एवढ्या वर्षांत हे कुणी बोललंच नव्हतं. त्या वेळपर्यंत तिघंही त्यात लिहीत होते.

काय काढायचं आणि काय ठेवायचं, यावर मला भांडावं लागलं नाही, ते काम नियमांनी केलं. कंपनी कायदा 2013 प्रमाणे हिशेबाची पुस्तकं किमान आठ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात. वाहन उद्योगाचं आयएटीएफ 16949 तर सांगतं की भागाच्या मंजुरीचे आणि टूलचे कागद, तो भाग उत्पादनात किंवा सुट्या भागांच्या सेवेत असेपर्यंत आणि त्यावर एक कॅलेंडर वर्ष ठेवा. गाडी बंद झाली तरी तिचं दार दहा-बारा वर्षं कुणीतरी मागतच असतं. त्यामुळे "जुनं उडवून टाका" म्हणणारे उत्साही लोक आपोआप गप्प झाले.

फाइली हलवायला रोबोकॉपी. विंडोजमधलंच, फुकटचं, काळ्या पडद्यावर चालणारं हे साधन माझं आवडतं आहे, पण त्याच्या स्वभावाची एक गोष्ट माहीत असावी लागते. एखादी फाइल कुणी उघडी ठेवली असेल आणि तुम्ही काही वेगळं सांगितलं नसेल, तर ते 30 सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करतं, आणि असे 10 लाख प्रयत्न करतं. गुणाकार केला तर एका अडलेल्या फाइलपायी जवळजवळ साडेअकरा महिने. इतका चिवट सेवक कुणाला नको असेल! आम्ही प्रयत्न दोनवर आणले आणि अडलेल्यांची यादी सकाळी हाती घ्यायचो.

पाथची लांबी हा दुसरा अडथळा. विंडोजच्या बऱ्याच प्रोग्रॅमना 260 अक्षरांपलीकडचा पत्ता पेलत नाही. ग्राहक, मॉडेल, भाग, रिव्हिजन, मीटिंगची तारीख असे एकात एक फोल्डर करत डिझाइनवाले ती मर्यादा लीलया ओलांडतात. पण मला खरं चकित केलं ते एचआरनं. कामगार संघटनेबरोबरच्या बैठकींचे वृत्तांत ते मराठीत ठेवतात आणि फाइलचं नाव म्हणजे अख्खं वाक्य असतं, "दिवाळी सानुग्रह अनुदानाबाबत"पासून "याबाबतचा अंतिम मसुदा"पर्यंत. विंडोजला ते चालत होतं. आमचा बॅकअपचा सर्व्हर लिनक्सवर, त्याला ते चालेना. लिनक्समध्ये फाइलच्या नावाला 255 बाइटची मर्यादा असते आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, अनुस्वारसुद्धा. म्हणजे इंग्रजीला 255 अक्षरं आणि आपल्याला 85 चिन्हं. एचआरच्या मॅडमना हे समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग वेलांट्या कमी करू का?" शेवटी नावं त्यांनीच छोटी केली, पण नाराजीनं. त्यांची ती लांब नावं वाचून फाइल उघडावी लागत नव्हती, हेही तितकंच खरं.

आणि मग शॉप फ्लोअर. नव्या पेटीवर एसएमबी-1 बंद ठेवायचं हे ठरलंच होतं. तेवढ्यासाठी तर पैसे मंजूर झाले होते. पण टूलरूममधल्या जुन्या मिलिंग मशीनचा कंट्रोलर विंडोज एक्सपीवर चालतो आणि एक्सपीला एसएमबी-1 शिवाय दुसरी भाषा येत नाही. एक्सपीचा आधार एप्रिल 2014 मध्ये संपला, पण मशीनचा स्पिंडल अजून मायक्रॉनमध्ये बोलतो. नवा कंट्रोलर बसवायचा तर मशीनच्या किमतीचा मोठा हिस्सा जातो. व्हेंडरचा माणूस म्हणाला, तात्पुरतं एसएमबी-1 चालू करू. टूलरूमचे सुपरवायझर, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते मला म्हणाले, "ताई, मशीन थांबली तर रात्री फोन तुम्हालाच येईल." दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. आम्ही मधोमध सांबा हे फाइल वाटपाचं सॉफ्टवेअर चढवलेला एक छोटा लिनक्स संगणक ठेवला. तो एका बाजूनं नव्या स्टोरेजवरून प्रोग्रॅम नुसते वाचून आणतो आणि दुसऱ्या बाजूनं, वेगळ्या काढलेल्या नेटवर्कवर, मशीनला त्याच्या जुन्या भाषेत देतो. मशीनला त्यापलीकडचं काही दिसत नाही. शोभिवंत नाही, पण चालतं.

बदलाची वेळ म्हणून 2018 ची दिवाळी धरली. लक्ष्मीपूजन बुधवारी, पाडवा गुरुवारी म्हणजे आठवड्याची सुट्टीही त्यातच, भाऊबीज शुक्रवारी. कारखाना रविवारपर्यंत बंद. पाडव्याला घरी ओवाळणी आटोपून मी दुपारी भोसरीला पोहोचले. आधीचे आठवडे फाइली हळूहळू येतच होत्या. त्या दिवशी जुने शेअर फक्त वाचण्यापुरते केले, शेवटचा फरक ओढला आणि नावं फिरवली. हे नावं फिरवणंच महत्त्वाचं. कॉस्टिंगच्या शेकडो एक्सेल शीट एकमेकींकडे बोट दाखवतात आणि त्या बोटात जुन्या सर्व्हरचं नाव कोरलेलं असतं. म्हणून डीएफएस नेमस्पेस नावाचा एक पडदा आम्ही काही महिने आधीच मध्ये घातला होता. सगळ्यांचे पत्ते त्या पडद्याचे केले, आणि पडद्यामागे सर्व्हर बदलला. पीचं अक्षर पीच राहिलं.

सोमवारी सकाळी फोन सुरू झाले. "मॅडम, फोल्डर उडाले!" काहीही उडालं नव्हतं. ज्या फोल्डरची परवानगी नाही ते आता दिसतच नव्हते. जुन्या सर्व्हरवर ते दिसायचे, उघडताना नकार यायचा. त्यांतले बरेचसे या लोकांनी कधी उघडलेही नव्हते. पण रोज दिसणारी गोष्ट दिसेनाशी झाली की ती हरवली असंच वाटतं. परचेसचे एक जण तर मला म्हणाले, "उघडत नव्हतं हे ठीक, पण आहे हे तरी कळायचं." दोन-तीन ठिकाणी नकाराचीच सवय सोयीची होती असंही निघालं: फोल्डर दिसला की कुणाकडे मागायचं ते कळायचं. तिथे आम्ही दिसणं पुन्हा सुरू केलं.

या बदलातलं खरं सुख स्नॅपशॉटनं दिलं. स्नॅपशॉट घेताना काही कॉपी होत नाही. कुठला ब्लॉक कुठल्या फाइलचा याचा त्या क्षणाचा नकाशा तेवढा गोठवतात. पुढे फाइल बदलली की नवा मजकूर नव्या ब्लॉकवर लिहिला जातो आणि जुना जागच्या जागी राहतो. म्हणून तासातासाला घेतला तरी भार पडत नाही. पूर्वी कुणी ड्रॉइंगवर चुकून दुसरं ड्रॉइंग सेव्ह केलं की माझ्याकडे यायचे, मी टेप शोधायचे, आणि आदल्या रात्रीची प्रत मिळेपर्यंत दुपार व्हायची. आता राइट क्लिक, "प्रीव्हियस व्हर्जन्स", आणि अकरा वाजताची फाइल साडेअकराला परत. डिझाइनची मुलं हे स्वतः करतात. ती मला सांगतही नाहीत, आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही.

स्नॅपशॉट आहेत म्हणून टेप बंद करा, असा सल्ला आला तो मात्र मी ऐकला नाही. स्नॅपशॉट त्याच पेटीत असतात. पेटीला आग लागली, किंवा अ‍ॅडमिनचा पासवर्ड कुणाच्या हाती पडला, तर मूळ आणि नकाशे एकदमच जातील. शिवाय पूर्वी एक सर्व्हर बसला तर एकच विभाग थांबायचा. आता सगळ्यांचं एका ठिकाणी आलंय. रोज रात्री नाशिकच्या आमच्या अंबडच्या प्लँटवर प्रत जाते, आणि आठवड्याची टेप अजूनही निघते. टेपचं कपाट दुसऱ्या इमारतीत आहे, किल्ली अकाउंट्सकडे. साहेबांनी ती जबाबदारी स्वतःहून मागून घेतली, कारण टेपवर त्यांचाही टी आहे.

माझ्या त्या एक्सेल शीटमध्ये एक ओळ अजून बिनसहीची आहे. "कॉमन" नावाचा शेअर. तिथे कँटीनचा मेनू आहे, क्रिकेटच्या संघाची यादी आहे, ग्राहकाच्या ऑडिटचे फोटो आहेत आणि कधीतरी कुणीतरी तात्पुरती म्हणून ठेवलेली टूलची ड्रॉइंगही आहेत. मालक विचारला की सगळे प्लँटहेडकडे बोट दाखवतात. गेल्या ऑडिटला ऑडिटरनं नेमका तोच शेअर उघडला. नॉन-कन्फर्मन्स लागली, मुदत मिळाली, आणि दुरुस्तीच्या अर्जावर जबाबदार व्यक्ती या रकान्यात क्वालिटीनं माझं नाव टाकून पाठवलं. मी ते खोडून अर्ज परत पाठवलाय.